लाइन बघणारे उस्ताद

गाडीला हात लावायच्या आधी उस्ताद उजवा हात वर करायचे. तो वर गेला की आजूबाजूच्या सगळ्यांनी गप्प व्हायचं. गिऱ्हाइकानं बोलायचं नाही, शेजारच्या पंक्चरवाल्यानं हवेचं मशीन बंद करायचं, समोरच्या चहावाल्यानं कपबश्या विसळायच्या थांबवायच्या. उस्ताद बॉनेटवर डावा तळहात ठेवून, डोळे मिटून उभे राहायचे. दोनेक मिनिटं असं चालायचं. नवं गिऱ्हाईक असलं की त्याला हसू यायचं.

"काय उस्ताद, गाडीची नाडी बघून राहिले का?"

"तुमची बघून राहिलो," उस्ताद डोळे न उघडता म्हणायचे. "लई जोरात चालती. जरा बसा तिकडं."

त्यांचं पत्र्याचं शेड लातूरला क्लासच्या भागात होतं. एका अंगाला मुलींची होस्टेलं, दुसऱ्या अंगाला झेरॉक्सची दुकानं, आणि मधे हे. शेडवर पाटी नव्हती. उस्तादांच्या अंगात रोज पांढरा शर्ट असायचा, आणि त्यावर कधी काळा डाग मी पाहिला नाही. कोणी मिस्तरी म्हटलं की त्यांना राग यायचा. "मिस्तरी इंजन खोलतो," ते म्हणायचे. "मी लाइन बघतो."

त्यांचं काम मला समजलं तसं सांगते. नव्या गाड्यांत इंजिनाला एक डबा असतो, ब्रेकला एक, समोरच्या मीटरला एक, दारं आणि दिवे यांना एक. हे डबे दोन बारीक तारांवरून दिवसभर एकमेकांशी बोलतात. इंजिन किती फिरतंय, चाक किती पळतंय, दार उघडं आहे की लावलेलं. हे बोलणं तुटलं की इंजिन धडधाकट असूनही गाडी जागची हलत नाही. मीटरचे काटे खाली पडतात, नको ते दिवे लागतात. लोक घाबरतात आणि डबाच बदलायला निघतात. मग कोणीतरी त्यांना उस्तादांकडे धाडतं.

"मेलं कोण न्हाई," उस्ताद सांगायचे. "बोलणं बंद पडलंय."

हे वाक्य मी दिवसातून चार वेळा तरी ऐकत असेन.

गाडीतल्या बिघाडाची यादी दाखवणारं एक मशीन त्यांच्याकडे होतं. ते त्यांनी मखमली कापडात गुंडाळून ठेवलेलं असायचं, आणि त्याला ते चुगलखोर म्हणायचे. मशीन खोटं सांगत नाही, हे त्यांना मान्य होतं. पण ते काय सांगतं, तर मीटरचा डबा म्हणतोय की ब्रेकचा डबा बोलत नाही. म्हणजे एकाची दुसऱ्याबद्दल तक्रार. "चुगली ऐकून घ्यायची," उस्ताद म्हणायचे, "निकाल तिच्यावर द्यायचा न्हाई. जो गप्प हाय, त्यानंच गुन्हा केला असं कुठं हाय? कधी कधी एकच बोंबलत बसतो आणि त्याच्यामुळं बाकीचे गप होतात."

मग ते एकेका डब्याचा प्लग काढून बघायचे. ज्याला बाहेर काढल्यावर बाकीचे बोलायला लागले, दोष त्याचा. डब्यांना त्यांनी नाती लावली होती. इंजिनाचा डबा सासरा, ब्रेकचा डबा थोरली जाऊ, मीटर म्हणजे घरातलं सगळं दारात येऊन सांगणारी नणंद. मधे एक डबा असतो, तो इंजिनाकडच्या लाइनीचं बोलणं दाराकडच्या लाइनीला समजावून देतो. त्याला मात्र ते मानानं दुभाष्या म्हणायचे. कारण त्यांचे वडील देगलूरच्या बाजारात दुभाष्या होते. तेलुगू बोलणारा शेतकरी यायचा, कानडी बोलणारा यायचा, आडत्या मराठीतून बोलायचा, आणि उस्तादांचे वडील मधे उभे राहून इकडचं तिकडं करायचे.

"बाप सांगायचा, दुभाष्यानं पदरचं घालायचं न्हाई आणि गाळायचं बी न्हाई. शिवी आली तर शिवी पोचवायची."

"मग मारामारी होत नव्हती का?" पंक्चरवाल्यानं एकदा विचारलं.

"हौ, व्हायची की. पण ज्याला मारायचं त्यालाच मारायचे. बापाला कोणी हात न्हाई लावला."

त्यांचं वेळ मोजायचं मापही वेगळंच होतं. गाडी बंद करून बॅटरीची तार काढली तरी डबे लगेच झोपत नाहीत, आणि ते झोपल्याशिवाय माप खरं येत नाही. तेवढा वेळ उस्ताद एक केळं खायचे. केळं नांदेडकडच्या अर्धापूरचंच लागायचं, आणि ते साल थोडं थोडं सोलत, बारीक घास घेत, सावकाश खायचे. गिऱ्हाइकानं घाई केली की म्हणायचे, "एक केळं थांबा." फारच अडकलेलं काम असलं की दोन केळी. एकदा एका मोठ्या गाडीच्या मालकानं वैतागून विचारलं, "आणि केळं नसलं तर?" उस्ताद म्हणाले, "तर मग गाडी नांदेडला न्यावी लागंल."

मी त्यांच्याकडे कशी आले, ते सांगायचं तर आमच्या भासऱ्यांच्या व्हॅनपासून सांगायला पाहिजे. भासरे म्हणजे माझ्या मालकांचे थोरले भाऊ. आमच्या आणि वाटेवरच्या गावांतल्या आठ मुली त्यांच्या व्हॅनमधून रोज लातूरला बारावीच्या क्लासला यायच्या. त्यातली एक माझी मुक्ता. मुलींच्या आईबापांनी सांगितलं, गाडीत एखादी बाईमाणूस पाहिजे. ती बाईमाणूस मी. सकाळी यायचं, दुपारी क्लास सुटला की परत. मधले पाच तास मी उस्तादांच्या शेडसमोरच्या लिंबाखाली बसायचे. रिकाम्या हातानं बसवत नाही, म्हणून कापूस घेऊन वाती वळायचे.

एक दिवस पांढऱ्या शर्टातला हा माणूस समोर येऊन उभा राहिला. मी पदर पुढं ओढला.

"बाई, ह्या सगळ्या वाती एकसारख्या कशा वळता?"

 मला अनोळखी माणसाशी बोलायला जमत नाही, ओळखीच्याशीही फारसं जमत नाही. ते तिथंच उकिडवे बसले. पाच वाती उचलून त्यांनी एकमेकींशेजारी धरल्या, मग खिशातून दोन तारा काढल्या, एक पिवळी आणि एक हिरवी.

"ह्या वळून दावा. बोटाच्या एका पेराला एक पीळ. कमी न्हाई, जास्त न्हाई."

मी वळून दिल्या. त्यांनी पेरावर मोजल्या आणि काही न बोलता निघून गेले. दुसऱ्या दिवशी शेडच्या कोपऱ्यात माझ्यासाठी एक स्टूल आणि एक टेबल मांडलेलं होतं.

उंदरांनी कुरतडलेल्या, पाण्यानं कुजलेल्या तारांच्या जागी नव्या जोड्या वळून द्यायच्या, हे माझं काम झालं. पहिल्या आठवड्यात मी एक चूक केली. एका गाडीतून काढलेली जुनी जोडी मला गुंतलेली वाटली, म्हणून मी ती सोडवून, दोन्ही तारा सरळ करून, नीट शेजारी शेजारी ठेवल्या. घरात गुंता दिसला की सोडवायचा, एवढंच मला माहीत. उस्तादांनी कपाळाला हात लावला.

"बेटा, हा गुंता न्हाई, ही ह्यांची ताकद हाय. सरळ तार बाहेरचं सगळं ऐकती, हॉर्नचं, दिव्याचं, कुणाचंबी. पीळ असला की बाहेरचं दोघींना सारखंच लागतं आणि निघून जातं."

रागावले, पण दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही. चांगलं काम झालं तर मात्र ते कधी चांगलं म्हणायचे नाहीत. नुसतं उचलून न्यायचे.

साठ या आकड्याचं मला बरेच महिने कोडं होतं. लाइन चांगली आहे की नाही हे बघायला ते स्टेअरिंगखालच्या सॉकेटात, लाइनीतला अडथळा मोजणाऱ्या हातातल्या मीटरच्या दोन सुया लावायचे. साठ आला की त्यांचा चेहरा उजळायचा. ते सांगायचे, लाइनीच्या दोन टोकांना दोन म्हातारे बसवलेले असतात. बोललेलं भिंतीवर आपटून माघारी येऊ नये म्हणून हे म्हातारे ते अडवून धरतात. एकेकाचं वजन एकशे वीस. दोघं जागेवर असले की साठ. एक उठून गेला की एकशे वीस. तारा एकमेकींना चिकटल्या की शून्य.

मी चौथी शिकलेली. पण एकशे वीस आणि एकशे वीस मिळून दोनशे चाळीस होतात, एवढं चौथीत शिकवतात. इतका हुशार माणूस रोज बेरीज चुकतो आणि त्याला कोणी सांगत नाही, याचं मला वाईट वाटायचं. शेवटी एकदा धीर करून मी म्हटलं, "उस्ताद, दोनशे चाळीस व्हायला पाहिजेत."

ते इतके हसले की चहावाला बघायला आला. मग गंभीर होऊन म्हणाले, "घराला एक दार असलं तर माणसांना बाहेर निघायला किती अडचण? दोन दारं असली तर?"

"निम्मी," मी म्हटलं.

"मग?"

मला समजलं. आमच्या जुन्या घराला एकच दार होतं. ते मी त्यांना सांगितलं नाही.

भूकंपाचं मी कोणालाच फारसं सांगितलेलं नाही. मी चौथीत होते. शाळा पडली, घर पडलं, त्यानंतर मला परत शाळेत कोणी घातलं नाही. त्या दिवशी दुपारपर्यंत मी चौकटीखाली होते. वरून माणसं हाका मारायची आणि मग सगळी एकदम गप्प व्हायची. खालून काही आवाज येतो का, ते ऐकायला. माझ्या तोंडात माती होती. मला सगळं ऐकू येत होतं आणि बोलता येत नव्हतं. त्या गप्प होण्याचीच मी वाट बघायचे, कारण तेवढ्यात हातातली बांगडी दगडावर वाजवली तर ऐकू जायची. तशीच ती ऐकू गेली.

उस्तादांच्या हात वर करण्याचं कारण मला पुष्कळ उशिरा कळलं. चहावाल्यानं विचारलं तेव्हा त्यांनी सहज सांगितलं. भूकंपानंतर ते नांदेडहून जनरेटरच्या गाडीबरोबर आमच्या भागात आले होते, पत्र्याच्या शेडांत दिवे लावायला. पहिल्या दिवशी जनरेटर चालू करायला गेले, तर एका जवानानं हात वर केला. सगळं बंद. सगळे कान देऊन उभे. "तेव्हा समजलं," उस्ताद म्हणाले, "आपण किती आवाज करतो ते." ते काम संपल्यावर सगळी माणसं परत गेली, उस्ताद लातूरलाच राहिले.

मी कोपऱ्यात तारा वळत होते. त्या दिवशी माझा पीळ एके ठिकाणी पेराला दोन झाला.

आता व्हॅनचं. दिवाळीनंतर भासऱ्यांची व्हॅन रस्त्यात मधेच बंद पडायला लागली. काटे खाली, दिवे चालू, गाडी जागच्या जागी. पाच-दहा मिनिटांनी आपोआप सुरू. मोठ्या वर्कशॉपात इंजिनाचा डबा बदलून झाला, तरी तेच. मुली कधी तासभर उशिरा पोचायच्या, कधी चाचणी बुडायची. एकदा तर कालव्याच्या पुलावर संध्याकाळपर्यंत अडकलो. त्यानंतर दोन मुलींना घरच्यांनी थांबवलं. त्यातल्या एकीला पंधरा दिवसांत पाहुणे बघायला आले. राहिलेल्या सहा जणींच्या घरच्यांनी भासऱ्यांना सांगितलं, आणखी एकदा बंद पडली की आमच्याही घरी. मुक्ताचे वडीलही तेच म्हणाले. "बारावी घरी बसून दिली तर काय बिघडतं?" मुक्ता त्या रात्री जेवली नाही. परीक्षेला दोन महिने होते.

व्हॅन दोनदा उस्तादांकडे येऊन गेली. दोन्ही वेळा त्यांनी हात वर केला, केळं खाल्लं, सुया लावल्या आणि साठ आला. गाडीत काहीच दोष दिसेना. दुसऱ्या वेळी त्यांनी भासऱ्यांना सरळ सांगितलं, "मला सापडत न्हाई." असं त्यांना कधी म्हणावं लागलं नव्हतं. 

आणि मला माहीत होतं.

मी रोज अगदी मागच्या सीटवर बसायचे. आमच्या घरात भासऱ्यांसमोर डोक्यावरचा पदर सरकू द्यायचा नाही, त्यांच्या जवळ बसायचं नाही आणि त्यांच्याशी थेट बोलायचं नाही. काही सांगायचं असलं तर जाऊबाईंना सांगायचं, त्या त्यांना सांगतात. लग्नाला एकोणीस वर्षं झाली होती आणि आम्ही दोघं एकमेकांशी एक शब्द बोललो नव्हतो. त्यांनी मला कधी वाईट वागवलं नाही. बाजारातून आणलेल्या पहिल्या आंब्यांतला माझा वाटा जाऊबाईंकडे आठवणीनं द्यायचे. फक्त बोलणं नव्हतं.

तर शेवटच्या थांब्यावर दोन मुली माझ्याशेजारी बसल्या, आणि पुढं गतिरोधकावर गाडी उडाली, की सीटखाली बारीक कट्ट व्हायचं आणि गाडी बंद पडायची. मी जाऊबाईंना सांगितलं, "मागच्या सीटवर भार आला की गाडी बंद पडती." दोन दिवसांनी भासऱ्यांनी त्या सीटखाली चांगली जाड फळी बसवली, स्क्रू मारून. त्यानंतर गाडी आठवड्यातून दोनदा बंद पडायची, ती रोज पडायला लागली. मला वाटलं, मी बोलले म्हणून जास्त बिघडलं. मग मी तोंडच मिटलं. उस्तादांनाही सांगितलं नाही. घरचं गाऱ्हाणं बाहेर कसं न्यायचं, आणि जे त्यांना सापडत नाही ते मला काय सापडणार.

तिसऱ्यांदा व्हॅन आली ती ढकलत. क्लासच्या कोपऱ्यावरच बंद पडली होती. मुली उतरून चालत गेल्या. मुक्तानं जाताना माझ्याकडं पाहिलं. भासरे शेडच्या दाराशी खाली बसले. मी माझ्या कोपऱ्यात भिंतीकडं तोंड करून उभी राहिले.

उस्तादांनी हात वर केला. सगळं शांत झालं. या वेळी ते बॉनेटपाशी गेले नाहीत. व्हॅनकडं बघत हळू म्हणाले, "मी किती गाढव. जो गाडी चालवतो त्यालाच विचारत बसलो. हिच्यात रोज बसून कोण येतं?"

 ते माझ्या टेबलापाशी आले.

"बेटा, तुला ठावं हाय."

मी मान खाली घातली.

"मग सांगत का न्हाईस?"

मी डोळ्यांनीच दाराकडं दाखवलं. त्यांनी भासऱ्यांकडं पाहिलं, माझ्या पदराकडं पाहिलं. "हौ," ते म्हणाले. "आमच्यातबी जेठासमोर असंच असतं." मग ते जाऊन भासरे आणि मी यांच्या बरोबर मधे उभे राहिले, हात मागं बांधून. आमच्या दोघांत सात-आठ पावलांचं अंतर असेल.

"बोल. मी दुभाष्या. पदरचं घालणार न्हाई आणि गाळणार बी न्हाई."

मी भिंतीकडं बघत म्हटलं, "मागच्या सीटवर तिघी बसल्या की बंद पडती."

उस्ताद भासऱ्यांकडं वळले. "मागच्या सीटवर तिघी बसल्या की बंद पडती, म्हणून राहिल्या."

भासरे चिडलेले होते. "त्यांना काय कळतंय गाडीतलं?"

उस्ताद माझ्याकडं वळले आणि त्याच आवाजात म्हणाले, "तुम्हाला काय कळतंय गाडीतलं, म्हणून राहिले."

चहावाला हसला. भासऱ्यांना ऐकू गेलं आणि ते कानकोंडे झाले. "हे कशाला सांगता हो?"

"हे कशाला सांगता, म्हणून राहिले," उस्तादांनी मला सांगितलं.

मलाही हसू येत होतं. त्या हसण्यानंच धीर आला असावा. मी म्हटलं, "गाडीतलं न्हाई कळत. सीटखाली कट्ट वाजतं ते कळतं. गतिरोधकावर वाजतं. फळी बसवल्यापासून जास्त वाजतं."

उस्तादांनी कट्टसुद्धा पोचवलं. भासरे उठून उभे राहिले. "फळी त्यांनीच मागितली. मागच्या सीटला भार सोसंना, असं घरातून सांगितलं मला."

"मी फळी मागितली न्हाई. भार आला की गाडी बंद पडती, असं जाऊबाईंना सांगितलं होतं."

उस्तादांनी हेही पोचवलं. "जाऊबाईंची बी चूक न्हाई," ते स्वतःशीच म्हणाले. "मधी पीळ सुटला." मग मला म्हणाले, "जा, सीटवर बस." भासऱ्यांना पुढं स्टेअरिंगपाशी बसवून त्यांच्या हातात मीटर दिला. पंक्चरवाला आणि चहावाला माझ्या दोन्ही बाजूंना अंग चोरून बसले. उस्तादांनी बॅटरीची तार काढली. "एक केळं थांबा," ते म्हणाले, आणि आम्ही चौघं त्या व्हॅनमध्ये त्यांचं केळं संपायची वाट बघत बसलो.

"काय दिसतंय?" केळं संपल्यावर त्यांनी भासऱ्यांना विचारलं.

"साठ."

"बेटा, गतिरोधक कर."

भरल्या रस्त्यावर, भासऱ्यांच्या पाठीमागं, मी सीटवर उडी मारली. कट्ट वाजलं.

"शून्य," भासरे म्हणाले. त्यांचा आवाज बदलला होता.

सीट काढली. गाडी कुठं आहे ते दाखवणारी एक डबी त्या सीटखाली नंतर बसवलेली होती. बसवणाऱ्यानं तिच्या दोन तारा मूळ जोडीला जोडून, सरळ, काळ्या टेपनं गुंडाळून मॅटखालून नेल्या होत्या. आधी सीटचा पाय त्यांना दाबत होता. आता फळीचा एक स्क्रू बरोबर दोन्हींच्या मधे घुसला होता. भार आला की दोन्ही तारा त्या स्क्रूला लागायच्या. भार उठला की सुटायच्या. रिकाम्या गाडीत साठच येणार. भासरे स्क्रू हातात घेऊन बघत राहिले. तो त्यांनीच मारला होता.

उस्तादांनी मला फक्त माप सांगितलं. मी पिवळी आणि हिरवी तार घेतली. पेराला एक पीळ चुकला नाही. त्यांनी जोड दिला, नळी चढवली, तार सीटपासून लांब कडेनं नेली. ती फळी काढून ठेवली. मग मी परत मागं बसले, दोघं माझ्या शेजारी, भासरे पुढं मीटर घेऊन.

मी उडी मारली.

"साठ," भासरे म्हणाले.

परत मारली. "आता?"

"साठ. जरा डावीकडं सरका बरं."

"सरकले. आता?"

"साठच हाय. उठा. आता एकदम बसा."

"बसले."

"साठ. हालला बी न्हाई."

"मॅट दाबून बघते, थांबा."

"बघा. न्हाई, साठ. नीट बसलंय आता काम."

मी मॅटवरचा हात काढला. मी वर पाहिलं. समोरच्या आरशात भासऱ्यांचे डोळे दिसत होते, आणि त्यांनाही तेव्हाच उमगलं असावं. मधे कोणी नव्हतं. उस्ताद केव्हाच बाहेर पडून लिंबाखाली पाठमोरे बसले होते आणि दुसरं केळं खात होते. मी पदर सारखा केला. भासऱ्यांनी मीटर खाली ठेवला, आणि ते आरशातून नजर काढून म्हणाले, "मुक्ताला सांगा, उद्यापासून चाचणी बुडणार न्हाई."

"हाव," मी म्हटलं.

त्या सहा जणींची परीक्षा होईपर्यंत गाडी एकदाही थांबली नाही. थांबवलेल्या दोघींपैकी एक भासऱ्यांनी स्वतः तिच्या घरी जाऊन परत आणली. मुक्ता आता नांदेडला नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. डॉक्टरकीचा नंबर लागला नाही, त्याचं तिला महिनाभर दुःख झालं, आता नाही.

उस्तादही नांदेडला लेकीकडे गेले. कान कमी झाले, आणि ज्याला ऐकू येत नाही त्यानं लाइन बघू नये, असं त्यांचं त्यांनीच ठरवलं. शेड त्यांचा पुतण्या चालवतो. तो भला आहे, पण मशीन आधी लावतो. माझं टेबल तिथंच आहे. मुक्ता रविवारी त्यांना भेटायला जाते. जवळ जाऊन जोरात बोलावं लागतं, म्हणे. तिला बघितलं की ते एकच विचारतात, "आईचा पीळ कसा हाय?" ती बोटाचं एक पेर दाखवते, मग ते तिला अर्धं केळं देतात. माझ्या तारांना त्यांनी कधी चांगलं म्हटलं नव्हतं, म्हणून मुक्तानं सांगितलेलं हे मी तिच्या क्लासच्या वहीच्या उरलेल्या पानांवर लिहून ठेवते आहे.

व्हॅन जुनी झाली. आता तिच्यात दुसऱ्या मुली असतात, नऊ आहेत. मी अजून मागच्याच सीटवर बसते, पदरही तसाच असतो. शेवटच्या थांब्यावर दार लागलं की भासरे गियर टाकायच्या आधी आरशात बघतात.

"बसल्या का?"

"बसले."

मग गाडी निघते.